हात मागे बांधून

प्रश्न : दीड वर्षापूर्वी कामाच्या ताणाने झोप उडाली होती. तेव्हा मैत्रीण म्हणाली, झाडं लाव, मन शांत होईल. आज बाल्कनीत तीसेक कुंड्या आहेत आणि मन होतं तिथेच आहे. सकाळी उठले की पहिली नजर जाते ती कुठलं पान पिवळं पडलंय याकडे. सुकेल या भीतीने दोन वेळा पाणी घालते, तरी गेल्या महिन्यात गुलाब गेला आणि मी चक्क रडले. ध्यानाला वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून पाणी घालताना कानात ध्यानाचं रेकॉर्डिंग लावते. कीड मारायची वेळ आली की हात कापतो. सगळे म्हणतात, बागकाम हीच साधना. मला मात्र ती आणखी एक जबाबदारी वाटते. माझं काही चुकतंय, की या नुसत्या बोलायच्या गोष्टी आहेत?
– एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते, कारण बागेचा आणि मनाचा गुंता तिथे एकाच जागी बसलाय : ‘सुकेल या भीतीने दोन वेळा पाणी घालते.’ तुमचा गुलाब बहुधा याच वाक्यात गेला.

कुठल्याही मुरलेल्या माळ्याला विचारा. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त जातात, असं तो सांगेल. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी थोडा वेळ थांबतं, मग झिरपून जातं आणि त्या जागी हवा येते. ही अदलाबदल चालू आहे तोवर मुळांचा श्वास चालू असतो. पहिलं पाणी ओसरायच्या आत दुसरं आलं, की पोकळ्या भरलेल्याच राहतात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. खरी मेख पुढे आहे. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, अरेरे, सुकलं. आणि तो आणखी पाणी ओततो.

वरून पाहिलं तर दोन्ही झाडं अगदी सारखी दिसतात. फरक कळतो तो मातीत बोट घातल्यावर. दोन पेरं खोल घाला. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको, मग वरची माती कितीही कोरडी दिसो. कुंडी किंचित उचलून बघा. ओली कुंडी जड लागते आणि हे वजन हाताला थोड्याच दिवसांत ओळखीचं होतं. चिमूटभर माती नाकाशी धरा. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा जो वास येतो तो तिच्यातल्या जिवाणूंचा उद्योग आहे. त्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात आणि एक लिटर पाण्यात ते काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. हवा कोंडलेल्या मातीला मात्र आंबूस, कुबट वास येतो. शंका आली तर झाड अलगद कुंडीबाहेर काढा. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी आणि बिळबिळीत, ओढली तर साल हातात येते. कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही ना, तेही तेवढ्यात बघून घ्या.

तुम्ही विचारलंत मनःशांतीबद्दल आणि मी घसरले कुजलेल्या मुळांवर, असं वाटेल. पण माझं सांगणं जे काही आहे ते इथेच आहे. तुम्ही पाणी घातलंत ते झाडाला हवं होतं म्हणून नाही, तुमच्या जिवाला घोर लागला होता म्हणून. पाणी घातलं की दहा मिनिटं बरं वाटतं. उपाय तुमच्या मनावर चालला होता आणि त्याचा खर्च गुलाबाने भरला. भीतीला सतत काहीतरी करायचं असतं, थांबून बघायला तिला सवड नसते. बागेतून काही मिळायचं असेल तर ते बघण्यातून मिळतं. लोक ज्याला उपस्थिती, साक्षीभाव, वर्तमानात असणं वगैरे मोठी नावं देतात, त्याची सुरुवात मला तरी यापेक्षा अवघड ठिकाणी सापडलेली नाही.

तेव्हा एक करा. रोज बागेत गेल्यावर पहिली दहा मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. अक्षरशः मागे, एका हातात दुसरं मनगट धरून. झारी नाही, कात्री नाही, फोन नाही. सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवायची नाही, ती पाहणी झाली आणि पाहणी करण्यात तुम्ही आधीच तरबेज आहात. एकच कुंडी निवडा. आठवडाभर तीच. पहिले दोन-तीन दिवस हात शिवशिवतील. एखादं वाळकं पान दिसेल आणि ते खुडल्याशिवाय राहवणार नाही. राहू दे, दहा मिनिटांनी खुडा. त्या शिवशिवीकडेही बघा, कारण गुलाबाला बुडवणारा हात हाच होता.

बघायचं काय, असं म्हणाल. एक सोपा धडा देते. घेवड्याचं बी अर्धं बोट खोल पेरा आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून लक्ष ठेवा. आधी मातीला बारीक भेग पडते. मग त्या भेगेतून वाकलेली मान वर येते. टोक येत नाही, मान येते. कोवळी पानं खाली, दोन दलांच्या आडोशाला असतात आणि माती ढकलण्याचं काम हा फिकट बाक करतो, म्हणजे पानं खरचटत नाहीत. उजेड लागला की तो बाक सरळ व्हायला लागतो आणि दलं ओढून वर काढतो. कधी बियाचं साल टोपीसारखं एका दलाला अडकून राहतं. ते काढायला तुमचं बोट पुढे जाईल. आवरा. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी झाडच ते पाडतं, आणि घाईने ओढलेल्या सालाबरोबर दल तुटून येण्याचा धोका असतो.

या बघण्याला फार मोठी परंपरा आहे आणि ती सगळीच काही धार्मिक नाही. १८६० च्या दशकात चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकून पडला होता. त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी खोलीत आणून ठेवली आणि रात्रंदिवस तिच्या शेंड्याकडे बघत बसला. शेंडा हवेत गोल फिरतो, आधार शोधतो, हे त्याने टिपलं. उबदार दिवसांत एका फेऱ्याला सरासरी दोन तास आठ मिनिटं लागतात, इथपर्यंत टिपलं. हे डोळ्याला हलताना दिसत नाही. पण कुठल्याही वेलीच्या शेंड्यामागे भिंतीवर पेन्सिलीची खूण करा, तासाभराने परत या, खूण एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे असेल. डार्विनला शांती मिळाली की नाही, मला ठाऊक नाही आणि तो ती शोधतही नव्हता. आजारी माणूस दोन तास स्वतःचं दुखणं सोडून एका शेंड्याकडे बघू शकला, एवढं मला पुरेसं वाटतं.

आता तुमचा थेट प्रश्न : या नुसत्या बोलायच्या गोष्टी का? नाहीत. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. स्वतःचा बागेचा तुकडा असलेल्या ३० जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. मग अर्ध्यांना ३० मिनिटं बागकाम आणि अर्ध्यांना तेवढाच वेळ घरात बसून वाचन. ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्हींकडे उतरलं, पण बागेत जास्त. बागवाल्यांचा मूड पुरता ताळ्यावर आला, वाचणाऱ्यांचा आला नाही. प्रयोग लहान आहे आणि त्यात एक पाचर आहे, जी असल्या बातम्या देणारे सहसा सांगत नाहीत. ही सगळी माणसं मुळात बागकाम आवडणारी होती. शांत व्हायचंय म्हणून कोणी सांगितलं आणि त्यांनी खुरपं उचललं, असं नव्हतं.

तुमची अडचण नेमकी इथे आहे. तुम्ही बाग लावलीत ती शांतीसाठी, आणि रोज संध्याकाळी हिशोब मांडता की आज किती मिळाली. असा हिशोब मांडणारा माणूस जपाच्या माळेवरही अस्वस्थच राहतो. चीनमध्ये आठव्या-नवव्या शतकात होऊन गेलेल्या बायजांग या झेन गुरूची एक कथा सांगतात. म्हातारपणीही तो भिक्षूंबरोबर शेतात राबायचा. शिष्यांना त्याची दया आली आणि त्यांनी त्याची अवजारं लपवली. त्याने वाद घातला नाही, फक्त जेवणं थांबवलं. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, म्हणाला. अवजारं परत मिळाली. युरोपात त्याआधीच, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टच्या ख्रिस्ती मठांच्या नियमावलीत प्रार्थनेच्या तासांप्रमाणेच हाताने काम करण्याचे तासही ठरवून दिलेले होते. या लोकांनी बागेला विरंगुळा मानलं नाही आणि शांतीचं यंत्रही मानलं नाही. भाजी उगवायची होती, तण काढायचं होतं, ते मन लावून केलं. आत काही घडलं असेल तर ते त्या मन लावण्यातून, आणि बहुधा कोणाचं लक्ष नसताना.

फळाची आशा सोडा, असं तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवलं असेलच. टोमॅटो लावणाऱ्याला हे सांगणं जरा क्रूरच आहे. आशा ठेवा की! टोमॅटो हवाच आहे. फक्त टोमॅटोची आशा टोमॅटोकडून ठेवा, समाधीची ठेवू नका.

आणि ते कानातलं रेकॉर्डिंग काढा. यावर माझं मत कडक आहे. तुम्ही हाताने पाणी घालताय, कानातला आवाज सांगतोय श्वासाकडे लक्ष द्या, आणि डोळे पिवळी पानं शोधतायत. तिघांना तीन दिशा. त्याऐवजी पाणी घालताना आवाज ऐकाच, पण पाण्याचा. कोरड्या मातीवर पडलेलं पाणी आधी वर तरंगल्यासारखं थबकतं, मग आत जाताना बारीक बुडबुडे सोडत चुरचुरतं. फार वाळलेली माती तर पाणी धरतच नाही. कडेच्या फटीतून ते सरळ तळाला निघून जातं आणि आपल्याला वाटतं, व्वा, भरपूर झालं. सावकाश, दोन-तीनदा थांबत घातलं तरच आतवर भिजते. थांबायचं किती? बुडबुडे थांबेपर्यंत. याहून चांगली ध्यानाची सूचना मला तरी देता येणार नाही, आणि ती झाडाच्याही फायद्याची आहे. रेकॉर्डिंग आवडत असेल तर रात्री खुर्चीत बसून ऐका.

पिवळ्या पानांची एवढी दहशत का, तेही बघू. खालचं, म्हातारं एखाद-दुसरं पान पिवळं पडलं आणि वर नवी फूट जोमाने येतेय, तर काही बिघडलेलं नाही. झाड जुन्या पानातला नायट्रोजन काढून घेऊन नव्या पानांना देतं, मग देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार करून ते पान स्वतःच सोडतं. एकदम बरीच पानं पिवळी पडली, किंवा कोवळी पानंच पिवळी येऊन त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर पाणी, निचरा, अन्नद्रव्यं यांकडे बघायला हवं. भर दुपारी मोठ्या पानांची झाडं माना टाकतात तेही असंच. पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ते पुरवता येत नाही, एवढंच. बोटाला ओल लागत असेल तर ऊन उतरेपर्यंत थांबा. संध्याकाळी ती ताठ उभी दिसतात. ही दुपार ते संध्याकाळ थांबणं तुम्हाला जड जाणार आहे. पण थांबा.

किडीबद्दल तुम्ही लिहिलंत की हात कापतो. कापू दे. तो कापू नये म्हणून काही करायची गरज नाही. बागेत अहिंसेचं प्रमाणपत्र मिळत नाही. एका कुंडीत वीस रोपं उगवली की विरळणी करावी लागते, म्हणजे धडधाकट रोपंच उपटायची. तण उपटायचं, तेही जिवंतच असतं. जे बागेला निव्वळ प्रेमाची आणि मायेची जागा म्हणतात, त्यांनी विरळणी कधी केली नसावी, किंवा करताना दुसरीकडे बघितलं असावं. करायचं ते बघून करा आणि गरजेपुरतं करा. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला, तर आधी पाण्याचा जोरकस फवारा मारून तो झाडून टाका, हे दोन-तीन दिवस करा. पिठ्या ढेकणाचे पांढरे कापसासारखे पुंजके अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने एकेक करून टिपा. सगळ्या बाल्कनीवर औषध फवारून दार लावून घेण्यापेक्षा हे वेळखाऊ आहे, पण आपण काय करतोय ते डोळ्यांसमोर राहतं.

आणि हात मागे बांधण्याचा इथेही उपयोग होतो. माव्याच्या गर्दीत कधी कधी काळसर, लांबोडकी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी सहा पायांची अळी फिरताना दिसेल. दिसायला अशी भयानक की पहिला फटका तिलाच बसतो. ती लेडीबर्डची, म्हणजे त्या लाल ठिपकेदार गोंडस भुंग्याची अळी. ती माव्याचाच फडशा पाडते. दहा मिनिटं नुसतं बघितलंत तर ती एकेक मावा धरून खाताना दिसेल. मग त्या फांदीपुरतं तुमचं काम संपलं, कापऱ्या हातालाही सुट्टी.

गुलाबासाठी रडलात यात ‘चक्क’ म्हणण्यासारखं काही नाही. दीड वर्ष रोज ज्याच्याकडे बघितलं ते गेलं तर रडू येणारच. शांत माणसं रडत नाहीत ही समजूत कुठून आली कोण जाणे. कुंडी मात्र तशीच कोपऱ्यात ठेवून रोज तिच्याशेजारून जाऊ नका. झाड उपटा, मुळं बघा. बिळबिळीत निघाली तर माझा अंदाज बरोबर. टणक आणि पांढरी निघाली तर मी चुकले, मग खोडाच्या बुडाशी पोखरल्याच्या खुणा किंवा बुरशी शोधा. ती माती दुसऱ्या झाडाला लगेच वापरू नका. कुंडी घासून, धुऊन, उन्हात वाळवा. हे काम नीट, सावकाश, स्वतःच्या हाताने करा. त्याला विधी म्हणायचं असेल तर म्हणा, नाहीतर नुसती सफाई म्हणा.

एक गोष्ट थोडक्यात. झोप अजूनही उडालेली असेल, सकाळ नकोशी वाटत असेल, किंवा हे कित्येक आठवडे सलग चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बाग त्याच्या सोबतीने चालू राहू दे, त्याच्या जागी नको.

राहिला ‘आणखी एक जबाबदारी’ हा मुद्दा. तीस कुंड्या ही जबाबदारीच आहे, तुम्हाला वाटतंय त्यात भ्रम काही नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला सकाळी तीस ठिकाणी दोन पेरं बोट घालून बघायला वेळ नसतो, म्हणून तर तो सगळ्यांना सरसकट पाणी घालून मोकळा होतो. सात-आठ ठेवा. शोभेच्या म्हणून घेतलेल्या, नाव आठवावं लागतं अशा सगळ्या द्या. ठेवताना एक वेल ठेवा, एक अशी ठेवा जिच्यात दर दोन-तीन महिन्यांनी बी पेरता येईल, आणि पुदिन्यासारखं एक, जे तुमचं लक्ष नसलं तरी फोफावतं. बाकीच्या ज्यांना द्याल त्यांना पाण्याचं वेळापत्रक लिहून देऊ नका. बोट कसं घालायचं तेवढं दाखवा.